मामंजींचा नवस आणि माझं जेवण

माणूस आजारी पडला की सगळ्यांनी त्याला भेटायला जावं, ही आपली किती चांगली रीत आहे, यावर मी शाळेत मुलांना निबंध लिहायला लावत असे. तो निबंध आता कुणी माझ्यापुढं आणला तर मी लाल पेनानं त्यावर आडवी रेघ मारीन आणि खाली लिहीन, 'आधी आजारी पडून बघ, मग लिही.'

मला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी बरेच महिने पोट फुगल्यासारखं वाटायचं. दोन घास पोटात गेले की ताट सरकवावंसं वाटायचं. साडी कमरेला घट्ट होत होती आणि दंड मात्र बारीक होत चालले होते. कोरेगावात गॅसच्या गोळ्या झाल्या, ओव्याचं पाणी झालं, साताऱ्याला जाऊन ॲसिडिटीचा कोर्स झाला. 'या वयात होतंच असं,' हे वाक्य तर मी इतक्या जणांकडून ऐकलं की माझाही त्यावर विश्वास बसला. शेवटी सोनोग्राफी करणाऱ्या बाई बोलता बोलता एकदम गप्प झाल्या, आणि हा गॅस नाही हे मला तिथंच टेबलावर कळलं.

पुढं सगळं सांगलीला झालं. पोटातलं पाणी काढलं, तुकडा तपासायला गेला, निदान पक्कं झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्या आमच्या यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या. कागदावर पोटाचं चित्र काढून त्यांनी सरळ सांगितलं की आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो. "ऑपरेशन वेळेवर होणं फार महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. "मोठं ऑपरेशन आहे. ते झेपायला अंगात ताकद पाहिजे. औषधाचं आम्ही बघतो. खाण्याचं तुम्ही बघा."

खाण्याचं सांगायला एक वेगळी मुलगी होती. तिनं अर्धा तास बसवून घेतलं. दूध, डाळी, उसळी, अंडी, मासे, मटण, सगळं चालेल, उलट पाहिजेच. फक्त घरचं, ताजं आणि पूर्ण शिजलेलं. कच्चं नको, गाड्यावरचं नको. ताप आला तर घरी गोळी घेऊन थांबायचं नाही, तडक दवाखान्यात यायचं. घरात गर्दी नको. आणि कुणी काढा, भस्म, मुळी काहीही दिलं तरी आम्हाला विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आमचे हे परेडला उभं राहिल्यासारखे ताठ बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. सैन्यात सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, शेवटची काही वर्षं तर लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, यांच्याच ताब्यात होता. जवानांना काय खाऊ घालायचं आणि ते कसं शिजवायचं, हे यांनी आयुष्यभर केलेलं. मी म्हटलं, चला, जेवणाची तरी काळजी मिटली.

कशाची मिटते! पहिली केमो घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली.

भेटायला येणारा माणूस आधी दारात चप्पल काढताना सुस्कारा टाकतो. मग मी समोर कॉटवर बसलेली असताना यांना विचारतो, "कशा हायत आता?" हे म्हणतात, "बऱ्या हायत." मग मी उठून चहा टाकते, कारण सून पुण्याला नोकरीला आणि यांच्या हातचा चहा पाहुण्यांना दिला तर लोक काय म्हणतील! चहा पिता पिता पाहुणा त्याच्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगतो, जिला अगदी हेच झालं होतं. गोष्ट शेवटाला आली की तो एकदम थांबतो, कारण ती बाई गेलेली असते. मग विषय बदलण्यासाठी तो सांगतो की अमुक एक पदार्थ आजपासून बंद करा.

इथून माझे हाल सुरू झाले. माझी नणंद, आम्ही त्यांना वन्सं म्हणतो, कोयनानगरहून घाट उतरून एसटीनं आल्या. गाडी लागलेली, चेहरा हिरवा पडलेला, तरी आल्या आल्या मला मिठी मारून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वहिनी, दूध बंद करा. दुधानं गाठ वाढती म्हणं." आता वन्सं इतक्या लांबून आल्या, रडल्या, त्यांचा शब्द कसा मोडायचा? दूध बंद. चार दिवसांनी जाऊबाई म्हणाल्या की भात आणि दही थंड, औषध गरम, पोटात दोन्हीचं भांडण होतं. जाऊबाई मोठ्या. भात आणि दही बंद. मग मुलीच्या सासूबाई आल्या. विहीणबाईंनी डाळी आणि घेवडा वातूळ म्हणून सांगितला. विहीणबाईंचं नाही ऐकलं तर मुलीला पुढं वर्षभर ऐकावं लागेल. डाळी बंद, घेवडा बंद. ज्या कोरेगावचा घेवडा गावोगाव जातो तिथं राहायचं आणि घेवडा खायचा नाही, ही शिक्षा मला कुठल्या गुन्ह्याची, हे मी आजही विचारते.

जो जितका मानाचा, त्याच्या नावचा तितका मोठा पदार्थ माझ्या ताटातून उठत होता. माझं पथ्य आजारावरून ठरत नव्हतं, लग्नपत्रिकेत नावं ज्या क्रमानं छापतात त्या क्रमानं ठरत होतं. आणि हे आमचे सुभेदार! वरून आलेला प्रत्येक हुकूम कसलीही शंका न घेता अमलात आणत होते. मी चिडायचे. "अहो, त्या दवाखान्यातल्या मुलीनं काय सांगितलं होतं?" हे म्हणायचे, "अगं, ते बरोबरच हाय. पर ताईला वाईट वाटंल." म्हणजे दवाखान्यातल्या मुलीला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, ती कुठं आमच्या नात्यात होती! तिचं म्हणणं सांगलीतच राहिलं, गाडीत बसून आमच्याबरोबर कोरेगावला आलंच नाही.

मी भांडले नाही असं नाही. पण भांडायला भूक लागते. केमोनंतरचे आठ दिवस तोंडात लोखंडाचा तुकडा धरल्यासारखी चव असायची. बोटांना मुंग्या, पायांना मुंग्या, डोक्यावरचे केस उशीवर. ज्या भाताची चवच लागणार नाही त्याच्यासाठी जाऊबाईंशी वैर कशाला घ्यायचं, असं वाटायचं आणि मी पाठ करून झोपायचे.

तरी अंडी उरली होती. आठवड्यातून एकदा मटणाचा रस्साही पोटात जात होता. मग मामंजींनी नवस बोलला.

मामंजी म्हणजे यांचे थोरले चुलते. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत पण ताठ चालणारे. यांचे वडील यांच्या लहानपणीच गेले. मामंजींनीच यांना वाढवलं, शाळेत घातलं, भरतीच्या दिवशी स्वतः पहाटे उठवून मैदानावर नेऊन उभं केलं. त्यामुळं हा सुभेदार, ज्यानं बर्फात दिवस काढले, तो मामंजींसमोर अजून खुर्चीवर बसत नाही. मामंजींचा माझ्यावर जीव. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा 'सून मास्तरीण हाय' म्हणून अख्ख्या गावाला सांगत फिरलेला हा माणूस. माझं दुखणं कळल्यावर ते घरी आले, माझ्याकडं बघितलं, तसेच उठले आणि थेट गावदेवाच्या देवळात गेले. तिथं भावकीसमोर नारळ फोडून बोलून मोकळे झाले, की सूनबाई खडखडीत बरी होईस्तोवर तिच्या चुलीवर मासमच्छी शिजणार नाही, अंडंसुद्धा नाही.

हे मला कुणी सांगितलं? दूध घालायला येणाऱ्या बाईनं. वर म्हणाली, "लय मोठा नवस बोलल्यात तुमच्या मामंजींनी. भाग्य लागतं." मी कपाळाला हात लावला. दूध बंद असल्यामुळं त्या बाईचं खरं तर आमच्याकडं कामच नव्हतं, ती खास हे सांगायला आली होती.

माणसाचा शब्द एकवेळ मोडता येईल, देवाला दिलेला कसा मोडणार? अंडी गेली, रस्सा गेला. उरली ज्वारीची भाकरी, उकडलेला दुधी आणि मुगाचं नुसतं वरचं पाणी. हे मोठ्या निगुतीनं दुधी उकडायचे. मीठ कमी, कारण मीठ शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी कमी करायला सांगितलं होतं.

दुसऱ्या केमोला सांगलीला गेले तेव्हा शेजारच्या खुर्चीवर जतकडची एक बाई होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, माझ्याहून वयानं थोडी लहान, तोच आजार. सलाईन लागलेलं असताना तिच्या मुलानं डबा उघडून दिला आणि ती एका हातानं भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि वर शेंगदाण्याची चटणी निवांत खाऊ लागली. मी माझा डबा उघडला. तिनं डोकावून बघितलं.

"ह्ये काय वं आक्का?"

"दुधी. पथ्य आहे."

"कुनी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. कोण आलं, कोणी काय बंद केलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमचं पावनं बरं व्हायला लागल्यात म्हना की." मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग मी म्हटलं, "तुमच्याकडं येत नाहीत का कोण भेटायला?" ती अंड्याचं साल काढत म्हणाली, "न्हाई. लागंल म्हनत्यात. माझी सख्खी भन दारातनं बोलून गेली, आत आली न्हाई." हा आजार लागत नाही, हे डॉक्टरांनी तिच्या घरच्यांना बोलावून सांगितलं होतं. घरच्यांना पटलं, वस्तीला पटलं नाही. मला माझ्या पाहुण्यांचा इतका राग होता आणि तरी त्या दिवशी ते एकदम आठवले. राग काही कमी झाला नाही, पण त्यात थोडी लाज मिसळली. तिनं एक अंडं माझ्यापुढं धरलं. मी नवसाचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि ते स्वतः खाल्लं.

तिसऱ्या केमोनंतर ऑपरेशनची तारीख ठरवायला गेलो. हे तर खूश होते, बॅगच भरून आणली होती. डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन बघितला आणि म्हणाल्या, "औषधाला छान प्रतिसाद आहे. गाठी आकसल्या आहेत." मग रक्ताचे रिपोर्ट बघितले, मला वजनकाट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पांढऱ्या पेशी औषधानं कमी होतात, ते मी समजू शकते. पण वजन एवढं का उतरलं? अंगातलं प्रोटीन इतकं कमी कसं? काय खाता तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत हे अभिमानानं म्हणाले, "मॅडम, एकदम कडक पथ्य हाय. एक दिवस चुकवलेलं न्हाई."

"कसलं पथ्य?"

यांनी सांगितलं. दूध, दही, भात, डाळी, घेवडा, अंडी, मटण, मीठ. एकेक नाव घेताना यांचा आवाज खाली येत गेला. शेवटी शेवटी तर ऐकूच येईना. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

"यातलं मी काय बंद करायला सांगितलं होतं?"

"काही न्हाई."

"सुभेदारसाहेब, या परिस्थितीत मी पोट उघडलं तर टाके भरून येणार नाहीत. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल. आत्ता औषधानं जे कमावलंय, ते फार उशीर झाला तर हातचं जाईल. तीन आठवड्यांत मला यांच्या अंगात ताकद आलेली पाहिजे. त्यांना खाऊ घाला."

मी रडले. मला मरणाची भीती वाटत होतीच, पण त्या दिवशी भीतीपेक्षा संताप जास्त होता. सुया सहन केल्या, उलट्या सहन केल्या, केस गेलेले सहन केले, आणि मला मागं कोण ओढत होतं, तर उकडलेला दुधी!

सांगलीहून कोरेगावपर्यंत गाडीत हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. कराड आलं, गेलं. मी म्हटलं, "बाकीच्यांचं मी बघते. वन्संना फोनवर सांगेन, जाऊबाईंना घरी जाऊन सांगेन. पण नवसाचं मामंजींशी तुम्ही बोलायचं." हे म्हणाले, "बोलतो." संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मामंजींकडं गेलेसुद्धा. तासाभरानं परत आले.

"बोललात?"

"चहा झाला. उसाचा विषय निघाला."

"आणि?"

"उद्या बोलतो."

मी पायातला पायमोजा काढून भिंतीवर फेकला. दुसरं काही फेकायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतःच आले, तारीख काय मिळाली ते विचारायला. जाऊबाई होत्या, भावकीतले दोघं-तिघं होते. हे नेहमीसारखे दाराला टेकून उभे. मी डोक्यावरचा रुमाल काढून ठेवला. माझं टक्कल त्यांनी तोवर बघितलं नव्हतं. मी मुद्दामच काढला, उगाच सभ्यपणा करत बसले असते तर मला बोलता आलं नसतं.

"मामंजी, ऑपरेशन पुढं गेलं. अंगात ताकद नाही म्हणून गेलं. मला अंडी, मटण, दूध, डाळ सगळं खायला सांगितलंय आणि या घरात मला त्यातलं काही मिळत नाही."

"नवस हाय सूनबाई. देवाला शबुद दिलाय मी."

"शब्द तुमचा आणि जेवण माझं? देवाला द्यायचंच होतं तर तुमच्याजवळचं काहीतरी द्यायचं होतं. माझं ताट तुम्ही मला न विचारता उचलून दिलंत!"

सासऱ्यांच्या पिढीशी या आवाजात बोललेली या घरातली मी पहिलीच सून असणार. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हे दारातून पुढं आले, आणि मला वाटलं आता मला गप्प बसवणार. यांनी मामंजींना फक्त एवढंच म्हटलं, "आण्णा, ती बरोबर बोलतीया." तीस वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात मोठं वाक्य ते.

मामंजींनी माझ्या डोक्याकडं बराच वेळ बघितलं. मग काठी घेतली आणि निघून गेले. म्हटलं, आता हे घर कायमचं तुटलं.

ते गेले होते देवळात. गुरवाला विचारलं की नवस फिरवता येतो का. गुरव म्हणाला, बोलणाऱ्यानं तो आपल्या अंगावर घेतला तर देव नाही म्हणत नाही. मामंजींनी पुन्हा नारळ फोडला. सूनबाई खडखडीत बरी होईस्तोवर मी तोंडाला मास लावणार नाही, अंडं लावणार नाही. मामंजींनी! ज्यांना रविवारी मटण नसलं तर सोमवारी बोलवत नसे, जे वाटणातल्या खोबऱ्याचा भाजका वास घेऊन कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगायचे, ते मामंजी. हे कळलं तेव्हा मी पुन्हा चिडले. नवस मोडा म्हटलं होतं, तुम्ही घ्या असं कुठं म्हटलं होतं? पण त्यांच्या दृष्टीनं देवाशी झालेला व्यवहार मोडता येत नव्हता, फार तर त्यात जामीन बदलता येत होता.

मग आमच्या घरात लंगर सुरू झाला. हे पहाटे उठून बकऱ्याच्या पायाचं सूप चुलीवर ठेवायचे. अंड्याची भुर्जी, मुगाची दाट आमटी, घेवड्याची उसळ, दुधात घोटलेलं नाचणीचं सत्त्व. मला भूक नसायची. मी शाळेतल्या मुलानं पाढे म्हणावेत तसं खायचे, कंटाळून, न थांबता. ओकले तर पुन्हा खायचे. भेटायला येणाऱ्यांना हे आता फाटकातच गाठायचे, "तोंडावर मास्क लावा, खोकला असंल तर घरी जावा, आन् काय बंद करायचं ते मला सांगू नगा." वन्संना मी फोनवर दुधाचं सांगितलं तेव्हा त्या आधी रुसल्या आणि मग त्यांनी तुपाचा डबा पाठवला.

ऑपरेशन झालं. बरेच तास चाललं म्हणतात, मला फक्त आत नेतानाचं दिवे लावलेलं छत आठवतं. टाके भरून आले. उरलेल्या केमो झाल्या. डोक्यावर पांढरे, मऊ, लहान बाळासारखे केस आले. जतकडच्या बाईचंही ऑपरेशन झालं, आम्ही अजून फोनवर बोलतो, आणि सांगलीला महिन्यातून एकदा आमच्यासारख्या बायका जमतात तिथं मी तिला ओढून नेते. तिथं कुणी कुणाला दारातून बोलत नाही. ज्या नव्यानं आलेल्या असतात त्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "काय काय बंद केलंय घरच्यांनी?" आणि प्रत्येकीचं बंद काहीतरी वेगळंच असतं.

एवढ्यावर मी सुटले असते तर बरं झालं असतं. पण मामंजींचा नवस होता ना!

शेवटच्या केमोनंतर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी बरी झाले असं म्हणायचं का?" त्या म्हणाल्या, "आत्ता आजार कुठं दिसत नाही. रक्ताची तपासणी चांगली आहे. पण हा आजार परत येऊ शकतो, त्यामुळं दर तीन महिन्यांनी यायचं." आजाराशी इतके दिवस झुंजून मला हे बोलणं समजत होतं. प्रामाणिक बोलणं होतं ते. पण हे मामंजींना कसं सांगायचं? त्यांना 'आत्ता' नको होतं. त्यांना 'खडखडीत' पाहिजे होतं.

दर तपासणीनंतर ते काठी टेकत यायचे. "काय म्हनलं डाक्टर? झाली न्हवं बरी?" मी म्हणायचे, सगळं ठीक आहे, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. ते म्हणायचे, "म्हंजी आजून न्हाई." आणि उठून जायचे. यात्रेच्या दिवशी अख्ख्या गावात मटण शिजत होतं आणि हा माणूस दारात आमटी-भाताचं ताट घेऊन बसला होता. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. मी त्यांच्या घरी जाऊन ओरडायचे, "दूध तरी प्या, डाळ तरी खा नीट!" ते मान हलवायचे. आता पथ्यावर ते होते आणि भेटायला जाऊन सल्ले देणारी मी होते. या माणसानं मला एकदा उपाशी ठेवून छळलं आणि आता स्वतः उपाशी राहून छळतोय, असं मी आमच्या यांना म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला रडू आलं. मला ते फार आवडायचे. मला त्यांना असं वाळताना बघवत नव्हतं.

गेल्या तपासणीहून आलो तो रविवार होता. मी यांना मटण आणायला पाठवलं. स्वतः वाटण वाटलं, हाताला अजून मुंग्या येतात तरी वाटलं. मामंजींना बोलावून घेतलं, पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. दात फारसे उरलेले नाहीत म्हणून मटणाचे बारीक धागे करून रश्श्यात कालवले.

त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झाली बरी?"

"झाले."

"डाक्टर म्हनलं तसं?"

"मी म्हणते तसं."

ते ताटाला हात लावेनात. माझा संयम संपत आला होता. "मामंजी, हे अंग माझं आहे. यात काय होतंय ते मला कळतं. आज मी बरी आहे. जेवा."

"आन् पुन्यांदा उलटलं तर?"

हा प्रश्न मला रोज सकाळी जाग आल्यावर पडतो. घरातलं कुणीच तो मोठ्यानं विचारत नाही, सगळे तो गिळून माझ्याशी हसून बोलतात. मामंजींनी विचारला. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि ताट त्यांच्याकडं सरकवलं.

"तर पुन्हा लढू. पुन्हा नवस बोला. पण त्या वेळेला आधी मला विचारा."

"व्हय," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.